गोडाचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'सामाजिक जबाबदारी' हा शब्द कानावर पडला की आपल्याला मोठ्या कंपन्या आठवतात. त्यांचे जाडजूड वार्षिक अहवाल आठवतात, कच्चा माल कुठून घेतला त्याचे तक्ते आठवतात. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने अशा कामांवरचा खर्च सक्तीचा केला, तोही मोठ्या कंपन्यांपुरताच. किराणा दुकानदार, हलवाई, शिंपी, छापखानेवाला यांच्यावर तसे कायद्याचे बंधन नाही. त्यामुळे हा विषय आपला नव्हेच, अशी छोट्या व्यावसायिकाची समजूत होते. मी इतिहासाचा विद्यार्थी. मला जुने कागद वेगळेच सांगतात. हा माल कोणाच्या हातून आला, असा प्रश्न सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी भर बाजारात विचारला गेला होता. तो धसाला लावणाऱ्यांत किराणा दुकानदार होते, पुस्तकविक्रेते होते, चिनी मातीची भांडी विकणारेही होते. त्या प्रश्नासाठी त्यांनी मापेसुद्धा तयार केली. ती मापे कुठे कामी आली आणि कुठे तोकडी पडली, ते आज सांगायचे आहे.

गोष्ट साखरेची आहे. अठराव्या शतकात इंग्लंडला चहाची आणि चहाबरोबर साखरेची चटक लागली. ही साखर जमैका, बार्बाडोस अशा वेस्ट इंडीजच्या बेटांवरून येई. तिथल्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत. ऊस तोडायचा, चरकात घालायचा, काहिलीत रस आटवायचा. हंगामात हे काम रात्रीही चाले. माणसे अशी भराभर मरत की मळेवाल्यांना सतत नव्या गुलामांची भरती करावी लागे. हा व्यापार थांबवण्यासाठी १७८७ मध्ये लंडनमध्ये एक संस्था निघाली. विल्यम विल्बरफोर्स यांनी एप्रिल १७९१ मध्ये पार्लमेंटात तसा ठराव मांडला. तो १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळला गेला.

पार्लमेंटाने नाही म्हटल्यावर विल्यम फॉक्स नावाच्या गृहस्थांनी सामान्य लोकांकडे मोर्चा वळवला. वेस्ट इंडीजची साखर आणि रम वापरू नका, असे सांगणारी एक छोटी पुस्तिका त्यांनी त्याच वर्षी लिहिली. ती विकणाऱ्या मार्था गर्नी यांचे लंडनच्या होबर्न भागात पुस्तकांचे दुकान होते. पुस्तिकेच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. तिच्यात दयेचे आवाहन तर होतेच, पण लोकांच्या लक्षात राहिला तो एक हिशेब. एखादे कुटुंब आठवड्याला ५ पौंड साखर आणि त्या प्रमाणात रम वापरत असेल, म्हणजे आजच्या मापाने सव्वादोन किलोच्या आसपास साखर, तर त्याने २१ महिने ती सोडावी. तेवढ्याने एका माणसाची गुलामगिरी किंवा हत्या टळेल. अशी आठ कुटुंबे साडेएकोणीस वर्षे नेटाने राहिली तर १०० माणसे वाचतील.

हा हिशेब अर्थशास्त्राच्या कसोटीला कितपत उतरेल, हा वेगळा प्रश्न आहे. एका घराने साखर सोडली म्हणून मळेवाला मोजून एक गुलाम कमी आणेल, असे व्यवहारात घडत नाही. पण त्या आकड्याने एक काम केले. हजारो मैलांवरचे दुःख घरातल्या साखरेच्या डब्यापाशी आणून ठेवले. गृहिणीला, कारकुनाला, शाळामास्तरला पहिल्यांदाच कळले की आपल्या खर्चाच्या वहीत आणखी एक रकाना आहे. या चळवळीतले धडाडीचे कार्यकर्ते टॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाप्रमाणे तीन लाख माणसांनी साखर सोडली. व्यंगचित्रकार जेम्स गिल्रे यांनी १७९२ मध्ये राजा तिसरा जॉर्ज आणि राणी आपल्या मुलींना बिनसाखरेच्या चहाचे गुण सांगत आहेत आणि मुली तोंडे वाकडी करून बसल्या आहेत, असे चित्र काढले. थट्टेचा विषय होण्याइतका हा प्रश्न घरोघर पोचला होता.

गिऱ्हाइकाने साखर सोडली तर त्याचे नुकसान चहाच्या गोडीपुरते. दुकानदाराचे काय? इथे मला सफक परगण्यातल्या हेव्हरिल गावचे जेम्स राइट आठवतात. ते क्वेकर पंथाचे, साखरही विकणारे व्यापारी. मार्च १७९२ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली. तिचा मतलब असा, की ज्या मालावर गुलामांचा व्यापार पोसला जातो तो मी विकतो, म्हणजे मीही त्या पापाला हातभार लावतो अशी मला धास्ती वाटते. म्हणून गुलामीशी कमी संबंध असलेल्या वाटेने साखर मिळेपर्यंत मी ती विकणे बंद करतो. मात्र दुकानात शिल्लक आहे तेवढी संपल्यावर!

हे शेवटचे वाक्य वाचून कोणी हसेल. मला ते फार मोलाचे वाटते. राइट यांनी मी पूर्ण निर्मळ आहे असा आव आणला नाही. हातात किती माल आहे, तो केव्हा संपेल, पुढे काय अट राहील, हे गिऱ्हाइकांना उघड सांगून टाकले. पुरवठा कुठून घ्यावा याबद्दल छोट्या व्यापाऱ्याने इतके सरळ निवेदन केल्याची उदाहरणे त्या काळी फारशी नसावीत.

गुलामांचा व्यापार ब्रिटनने १८०७ मध्ये कायद्याने बंद केला, पण मळ्यांवरची गुलामी तशीच राहिली. मग १८२० च्या दशकात साखरेची मोहीम पुन्हा उभी राहिली. या वेळी तिची सूत्रे बऱ्याच अंशी बायकांच्या हाती होती. लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनी १८२४ मध्ये गुलामी हळूहळू नको, ताबडतोब संपवा, अशी मागणी करणारी पुस्तिका लिहिली. त्या आणि त्यांच्या मैत्रीण सुझाना वॉट्स गावातल्या घराघरांत आणि वाण्यांकडे जाऊन वेस्ट इंडीजची साखर ठेवू नका म्हणून सांगू लागल्या. आता साखर सोडा एवढेच सांगणे नव्हते, पर्यायही पुढे केला जात होता. तो पर्याय होता आपल्या हिंदुस्थानचा. लंडनजवळ पेकहॅम इथे हेंडरसन नावाच्या व्यापाऱ्याचे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान होते. तिथल्या साखरेच्या भांड्यांवर लिहिलेले असे की ईस्ट इंडियाची साखर गुलामांनी केलेली नाही, आणि सहा कुटुंबांनी ती वापरली तर एक गुलाम कमी लागतो. फॉक्स यांचा पुस्तिकेतला हिशेब आता थेट जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. आजच्या पाकिटांवर प्रमाणपत्राचे शिक्के असतात, त्यांचे हे पणजोबाच म्हणायचे.

या पर्यायात अडचणी होत्या. हिंदुस्थानी साखरेवर हंड्रेडवेटमागे १० शिलिंग जादा जकात होती. ती १८३६ पर्यंत चालू राहिली. म्हणजे शहाणपणाने वागणाऱ्या गिऱ्हाइकाला जास्त पैसे मोजावे लागत. दुसरी अडचण हितसंबंधांची. ईस्ट इंडियाच्या साखरेचा हिरिरीने पुरस्कार करणारे लिव्हरपूलचे जेम्स क्रॉपर स्वतःच ती साखर आयात करत. ते तळमळीने गुलामीच्या विरोधात होते, यात शंका नाही. तरी विरोधकांनी बोट ठेवायचे तिथे ठेवलेच.

तिसरी अडचण सर्वांत खोल होती. भांड्यावरच्या मजकुरात गुलाम नाहीत एवढेच सांगितले होते. मग होते कोण? बंगालचा रयत सावकाराची आगाऊ उचल घेऊन ऊस लावत असे, आणि त्या उचलीने त्याचा माल आधीच बांधला जाई. शिवाय कंपनीच्या मुलखातही गुलामी होतीच. तिचा कायद्याचा आधार काढून घेतला तो १८४३ च्या कायद्याने. लंडनच्या टेबलावर बसून हे दिसणे शक्य नव्हते, आणि पाहण्याची फारशी कोणाला गरजही वाटली नाही.

पुढे ब्रिटिश साम्राज्यातल्या मळ्यांवरची गुलामी १८३३ च्या कायद्याने संपवण्यात आली. ती केवळ साखर सोडल्याने संपली असे कोणी समजू नये. ज्यांच्या नावाने हा हिशेब चालला होता ते गुलाम काही गप्प बसलेले नव्हते. जमैकात १८३१ च्या अखेरीला सॅम्युएल शार्प यांच्या पुढाकाराने मोठा उठाव झाला आणि त्याने लंडनला हादरा दिला. कायदा झाल्यावर नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड ठरले. ते मिळाले गुलामांच्या मालकांना. गुलामांना एक पैही नाही. जमाखर्च लिहिणारा कोण, यावर कोणाचे नुकसान धरले जाईल हे ठरते, याचे याहून ढळढळीत उदाहरण मला सापडलेले नाही.

आणि आता ही साखर आपल्या दारात येते. गुलाम सुटले तेव्हा मळेवाल्यांना दुसरे हात हवे होते. मॉरिशस बेटावर १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले जाऊ लागले. १९२० पर्यंत त्यांची संख्या साडेचार लाखांच्या वर गेली. त्यात मुंबई इलाख्यातले, विशेषतः रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. आजही मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, ती त्यांच्या वंशजांमुळे. सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिना ५ रुपये आणि शिधा कबूल केलेला असे. पण एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, अशी 'डबल कट'ची पद्धत तिथे होती. या साखरेच्या भांड्यावर 'गुलामांनी न केलेली' असे लिहिले असते तर ते अक्षरशः खरे ठरले असते. माप बरोबर होते. पण ते एकाच गोष्टीचे माप होते.

साखरेनंतर कापसाची पाळी आली, आणि तीही आधी आपल्याकडे नाही, तर अमेरिकेत. तिथे गुलामी १८६५ पर्यंत चालली. गुलामांच्या श्रमाचा माल न ठेवणारी दुकाने तिथे १८२० च्या दशकात निघू लागली. बेंजामिन लंडी यांनी १८२६ मध्ये बाल्टिमोरला असे दुकान काढले. डेव्हिड रगल्स या कृष्णवर्णीय तरुणाने १८२८ मध्ये न्यूयॉर्कला किराणा दुकान टाकले. फिलाडेल्फियात लिडिया व्हाइट यांनी १८३० मध्ये दुकान उघडले. तिथल्याच जेम्स मॉट यांनी चालता कापसाचा धंदा सोडून लोकरीचा धरला. पुढच्या काळात अशी पन्नासहून अधिक दुकाने झाली. बहुतेक सगळी छोटी, आणि बरीचशी थोड्याच वर्षांत मिटलेली.

ती का मिटली, हे पाहण्यासारखे आहे. लेव्ही कॉफिन हे पळून आलेल्या गुलामांना आसरा देणारे क्वेकर गृहस्थ. त्यांनी १८४७ मध्ये सिनसिनाटी शहरात अशा मालाचे घाऊक दुकान काढले. गुलाम न ठेवता स्वतःच्या हातांनी कापूस पिकवणारे लहान शेतकरी दक्षिणेतही होते. त्यांचा कापूस घ्यावा, हा विचार सोपा वाटतो. पण त्या शेतकऱ्याकडे सरकी काढायचे यंत्र, आपण ज्याला जिन म्हणतो ते, नसायचे. तो आपला कापूस शेजारच्या मळेवाल्याच्या जिनवर नेई. तिथे गुलाम काम करत, आणि एकदा कापूस ढिगात पडला की कुठला कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. शेवटी कॉफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जिन विकत घेऊन मिसिसिपीत पाठवला. शेतापासून कापडापर्यंतच्या साखळीत एक कडी जरी ताब्यात नसेल तर सगळी खात्री फोल ठरते, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

इतके करूनही कापड महाग पडे, जाडेभरडे असे, हवा तो रंग मिळत नसे. साखरेतही तीच तऱ्हा. माणूस एकदा तत्त्वासाठी घेतो, दुसऱ्यांदाही घेतो. तिसऱ्यांदा बायको म्हणते, मुलीच्या अंगाला हे टोचते. कॉफिन यांनी दहा वर्षांनी दुकान विकले. गुलामीविरोधी पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन आधी या चळवळीच्या बाजूने होते, पुढे त्यांचा उत्साह मावळला. आपले हात स्वच्छ ठेवण्यात शक्ती घालवण्यापेक्षा गुलामीवरच घाव घालावा, असा त्यांचा रोख होता. या आक्षेपात तथ्य आहे. तरीही फिलाडेल्फियाच्या जॉर्ज टेलर यांनी १८४७ पासून वीस वर्षे आपले दुकान चालवले, गुलामी संपेपर्यंत आणि त्यानंतरही थोडे. त्या दुकानाने बाजार बदलला नाही. पण गिऱ्हाइकाला 'ठाऊक नव्हते' म्हणायची सोयही ठेवली नाही.

अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. खानदेश, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव आला तशी भेसळही आली. गाठींत सरकी, धूळ, पाणी घालून वजन वाढवले जाऊ लागले. तेव्हा मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा केला आणि तपासनीस नेमले. गाठ फोडून पाहणारा माणूस आला, तो असा. पण त्याने पाहायचे होते ते गाठीत काय आहे. गाठीमागच्या कुळवाड्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न त्या कायद्यात नव्हता. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि दहा वर्षांत पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. १८७५ च्या त्या दंग्यांत कापसाच्या तेजी-मंदीचा वाटा किती, याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. गाठीची तपासणी शेतकऱ्याच्या उपयोगी पडली नाही, याबद्दल नाही.

मजुरापासूनच मोजायला सुरुवात करण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच भूमीवर झाला. वर्ध्याला, १९३५ मध्ये. अखिल भारत चरखा संघ १९२५ पासून काम करत होता. खादी स्वस्त व्हावी आणि खपावी, अशी तोवरची दृष्टी होती. सूत कातणाऱ्या बाईला दिवसभराचे अगदी थोडे पैसे मिळत. गांधीजींनी विचारले, की गरिबांसाठी म्हणून जी खादी विकायची तिच्यातच गरिबाची पिळवणूक होत असेल तर तिचे करायचे काय? आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, हे त्यांचे ध्येय होते. तिथवर जाणे तेव्हा शक्य नव्हते. पण संघाने ठराव केला, की कातणाऱ्याला निदान शास्त्रीय दृष्टीने पुरेसे अन्न आणि वर्षाला २० वार कापड मिळेल इतकी मजुरी दिली पाहिजे आणि ती वाढवत नेली पाहिजे. नालवाडीला विनोबांनी तर कताईच्या मजुरीत जेवण भागते का, हे स्वतः सूत कातून आणि त्यातच राहून पाहिले.

दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहा. फॉक्स यांनी आपण किती साखर खातो इथून सुरुवात केली. वर्ध्याने कातणाऱ्या बाईच्या ताटात काय पडते इथून केली, आणि किंमत नंतर ठरवली. खादी महागली. विकणारे कार्यकर्ते धास्तावले. कमी मजुरी देऊन स्वस्त खादी विकणारे अप्रमाणित व्यापारी बाजारात होतेच, त्यांचे फावले. म्हणजे अमेरिकेतल्या दुकानदारांची अडचण इथेही सुटली नाही. पण माप मात्र योग्य जागी लागले.

आता आजचे. माझ्या ओळखीचे एक हलवाई आहेत. त्यांच्या भटारखान्यात साखरेची पोती रचलेली असतात. त्यातले एक मी मुद्दाम वाचले. त्यावर कारखान्याचे नाव होते, गळीत हंगाम होता, वजन ५० किलो आणि प्रत 'एम-३०' अशी लिहिलेली होती. प्रत म्हणजे दाण्याचा आकार आणि रंग. म्हणजे साखर कुठली, हे पोते सांगते. लंडनच्या गिऱ्हाइकाला १७९१ मध्ये जे कळत नव्हते ते या हलवायांना आयते कळते. ऊसतोडीबद्दल मात्र पोते काहीच बोलत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवराबायकोचा मिळून धरलेला एक कोयता, खाडा झाला तर बसणारा दंड, यांतले काही त्यावर नसते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ मध्ये सरकारने पाहणी केली. तेव्हा गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रियांची संख्या १३ हजारांवर निघाली. पाळीच्या त्रासाने खाडा होऊ नये, हे त्यामागचे एक कारण असल्याचे त्या काळात पुढे आले. मॉरिशसच्या 'डबल कट'ची आठवण यावी, असे हे साम्य आहे.

मी त्या हलवायांना म्हटले, तुम्ही कारखान्याला विचारू शकाल का? ते म्हणाले, 'सर, माझ्या महिन्याच्या चार पोत्यांना कोण विचारतो?' हे अगदी खरे आहे. राइट यांनाही जमैकात कोणी विचारत नव्हते. पण शहरातल्या हलवायांची संघटना आहे, तिची पोती चार नाहीत. अमेरिकेतल्या छोट्या दुकानदारांनाही मालाचा शोध संस्था काढूनच घ्यावा लागला होता. विचारायचे प्रश्नही फार नाहीत. तोडणीचा टनाला दर काय? पैसे मजुराच्या हाती पडतात की मुकादमाच्या? खाड्याला दंड आहे का? फडावर पाण्याची, दवाखान्याची, मुलांच्या शाळेची सोय काय? उत्तरे येतील ती लिहून ठेवायची, आणि पुढच्या हंगामात तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. एका वर्षाच्या उत्तरातून फार कळत नाही. दोन वर्षांच्या उत्तरांतला फरक मात्र बरेच सांगून जातो.

अशा चौकशीने उद्या सगळे बदलेल, असे इतिहास सांगत नाही. आपला हात निर्मळ झाला की नाही, हे मोजत बसलो तर समाधान आपल्याला मिळते आणि मजूर आहे तिथेच राहतो, एवढे मात्र तो वारंवार सांगतो. म्हणून कोणत्याही शिक्क्याबद्दल, प्रमाणपत्राबद्दल, अहवालाबद्दल एवढेच तपासावे की त्यातला आकडा कोणाच्या ताटापर्यंत पोचतो. पोत्यापाशीच थांबत असेल तर पुढचा प्रश्न विचारायचे काम अजून बाकी आहे, आणि ते दुकानदार करू शकतो, तसे त्याचे गिऱ्हाईकही करू शकते.